आईच्या लुगड्यावरच्या मिरच्या

आधीच माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलंच नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढे हातात पेन्सिलीपेक्षा मुसळ जास्त राहिलं. हे कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, या वयातही नाही. सोसायटीच्या मीटिंगला मी भिंतीशी खुर्ची धरून बसते आणि सगळे उठले की उठते. पण मागच्या मीटिंगला जे ऐकलं ते डोक्यातून जात नाही, आणि तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे लिहायला बसले.

आमच्या इमारतीत खाली गाड्या लावायच्या जागेवरून भांडण चालू आहे. त्या भांडणात एका गृहस्थाने दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या स्कूटरची सीट फाडली, आरसे फोडले, टाकीत माती घातली. ती बाई त्याच स्कूटरवरून ड्यूटीला जाते. मीटिंगमध्ये ती रडकुंडीला येऊन बोलत होती, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तो जागेचा वाद आहे. आधी जागा कोणाची ते ठरू दे, मग बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. हेच बोलणं मी बारा-तेरा वर्षांची असताना लालबागला ऐकलं होतं, आणि बोलणारा माझा बाप होता.

आम्ही चाळीच्या तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत. शेजारी सरूमावशी. नात्याची नाही, पण आईच्या माहेरच्या बाजूची, राजापूरकडची. तिचा नवरा बाबांच्याच गिरणीत होता, छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती उखळ, मुसळ आणि मोठी लोखंडी कढई घेऊन. आमच्या आणि तिच्या खोलीच्या मागे, चाळीची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक लांबट मोकळी पट्टी होती. तिथे मावशीची चूल होती. उन्हाळा लागला की चाळीतल्या बायका वर्षाच्या मसाल्याची मिरची आणायच्या आणि तिच्या हवाली करायच्या. वाळवायची, देठ काढायचे, भाजायची, कुटायची, चाळायची, सगळं तिने. मला शाळेतून काढल्यापासून मी तिच्या हाताखाली होते. माझी मजुरी ती आईच्या हातात द्यायची. धणे भाजले की सगळी चाळ खूश आणि मिरची कढईत पडली की सगळी चाळ खोकत. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचं, "सरू, मारतेस काय गो आम्हांला?" आणि मावशी खालून, "मेलास तर तुझा मसाला फुकट देईन, तेराव्याला लागेल!"

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मिरच्या वाळत घालताना मावशी प्रत्येक घराची मिरची त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्यावर पसरायची. मिरचीबरोबर लुगडंही तुम्हीच आणून द्यायचं, असा तिचा नियम. चिठ्ठी नाही, खूण नाही. तिला लिहिता येत नव्हतं आणि गरजही नव्हती. जांभळं लुगडं म्हणजे वरच्या म्हाताऱ्या आजी, ठिपक्यांचं म्हणजे दारापाशी राहणारी इंदूवहिनी, हिरवं म्हणजे आई. कोणाची ब्याडगी कोणाच्या संकेश्वरीत कधी मिसळली नाही. चाळीतली लहान पोरंसुद्धा वरच्या गॅलरीतून बघून सांगायची, ती आमची मिरची, ती तुमची. बायकांची लुगडी कोणाची कुठली हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुषांना नव्हतं. त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

बाबा रातपाळी करायचे. सकाळी येऊन झोपायचे, तर मागून मुसळाचे दणके आणि मिरचीचा ठसका. चिडायचे, पण ते चिडणं उशी डोक्यावर ओढून संपायचं. खरं निमित्त दत्ताकाकाचं झालं. काका बाबांचा धाकटा भाऊ, गिरणीत बदलीवर, कधी काम मिळे कधी नाही. त्याच्या डोक्यात आलं की मागच्या पट्टीवर पत्रे टाकून पेट्या जोडायचं दुकान काढायचं. "दादा, ती जागा तुझ्या खोलीची आहे. ती विधवा बाई फुकट खाते." हे त्याने इतक्यांदा म्हटलं की बाबांना ते खरं वाटायला लागलं. मावशीचं म्हणणं, जुन्या मालकाने नवऱ्याला तोंडी वापरायला दिली आहे. वाद कोर्टात गेला आणि तारखा पडायला लागल्या. त्यातच काकाने भाडं गोळा करणाऱ्या मेहत्याला काहीतरी दिलं आणि आमच्या भाडेपावतीवर 'मागील मोकळ्या जागेसह' असं लिहून आणलं. बाबांनी ती पावती देवाच्या फोटोखाली ठेवली. मी तेव्हा देवाला नमस्कार करायची तर मला वाटायचं आपण त्या कागदालाच करतोय.

त्या दिवशी मावशी हिंग आणि हळकुंडं आणायला भायखळ्याला गेली होती. मी मागे राखणीला बसले होते, कावळे मिरचीला येत नाहीत पण शेजारच्या गोठ्यातल्या शेळ्या यायच्या. सगळी पट्टी लाल झाली होती. बाबा रातपाळीहून आले ते न झोपता सरळ मागे आले, बरोबर काका. बाबांच्या एका हातात ती पावती आणि दुसऱ्या हातात आमच्या घरातला रॉकेलचा डबा. मला वाटलं, चूल पेटवायला आणलं. बाबा म्हणाले, "शकू, ऊठ तिथून." मी उठले. बापाने ऊठ म्हटलं की उठायचं, एवढंच आम्हांला शिकवलेलं. काकाने पहारीने चूल फोडली. उखळ आडवं पाडून त्यावर घाव घातले तोवर ते दुभंगलं. बाबा एकेका लुगड्यावरून डबा धरत चालत गेले, जसं गावी शेताच्या बांधावरून चालतात, सावकाश, एकही लुगडं न सोडता. मी म्हणाले असेन काहीतरी, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. वरच्या गॅलरीत बायका जमल्या. त्यातली एक किंचाळली, "अहो, काय करता, आमच्या हायत त्या!" बाबांनी पावती वर धरून दाखवली. "जागा माझी आहे! जागेचा वाद आहे! ज्याला बोलायचंय त्याने कोर्टात बोलावं!"

आई तेव्हा पाळणाघरात कामाला जायची. संध्याकाळी आली, चहाला स्टोव्ह भरायला गेली, तर डबा रिकामा. "रॉकेल कुठे गेलं? परवाच तर रांगेत उभं राहून आणलं." मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. आई बाहेर गेली. वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. ती त्या लुगड्यांच्या मधून चालत गेली आणि शेवटच्या टोकाला थांबली. खाली वाकून हिरव्या लुगड्याचा पदर उचलला, त्यावरून मिरच्या घसरल्या. ती ते लुगडं घेऊन आत आली तेव्हा बाबा झोपून उठून पान जुळवत होते. आई म्हणाली, "हे कुणाचं लुगडं आहे?"

"कुणाचं का असेना. त्या सरूच्या मिरच्या होत्या."

"मी विचारते, लुगडं कुणाचं?"

बाबांनी बघितलं. खरंच बघितलं, उलटंसुलटं करून. "मला काय माहीत?"

"शकूच्या वेळी मी माहेराहून आले तेव्हा तुम्ही घेतलंत. चार वर्षं सणाला तेच नेसले. तुमच्या समोर नेसले." आईचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "आपल्या मिरच्या होत्या त्याच्यावर. पाळणाघरातल्या पगारातून आणलेल्या. आणि बाकीच्या सगळ्या चाळीच्या. मावशीच्या स्वतःच्या होत्या त्या एका गोणपाटावर, त्या तेवढ्या कोपऱ्यात."

बाबांनी लुगडं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांनीही मला त्यांची कीव येत नाही. लोक म्हणतात, वय झालं की आईबापांना माफ करावं. दुसऱ्याच्या मिरच्या म्हणून ओतलं असतं तर चाललं असतं आणि आपल्या निघाल्या म्हणून तोंड उतरलं, याला मी पश्चात्ताप म्हणत नाही.

मावशी पिशवी घेऊन परतली ती दाराशीच खाली बसली. रडली नाही. फुटलेल्या उखळावर हात फिरवला आणि विचारलं, "कोणी केलान हे?" वरच्या सगळ्या बायका खाली आल्या होत्या. मला वाटलं होतं त्या आता बाबांच्या अंगावर जातील. एकजण तावातावाने बोललीही. पण थोड्या वेळाने बोलणं फिरलं. "सरू, आम्ही मिरच्या तुझ्या ताब्यात दिलेल्या. आता वर्षाचं काय करायचं?" जो ओतणारा होता तो पान खात आत बसला होता आणि हिशेब मागत होत्या त्या तिच्याकडे. मावशी चौकीवर गेली. मी तिच्यासोबत गेले, आईने पाठवलं. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, हा जागेचा मामला आहे. दिवाणी. आम्ही त्यात पडत नाही."

मावशी म्हणाली, "जागा ठेव बाजूला. जागा त्याची असेल, नाहीतर माझी असेल, नाहीतर तुझी असेल. मिरची कोणाची होती ते विचार मला."

हवालदार हसला. पण आतल्या साहेबांनी ते ऐकलं असावं. त्यांनी तक्रार लिहून घ्यायला लावली आणि सांगितलं, आम्ही याच्यात थेट अटक करू शकत नाही, फौजदारी कोर्टात फिर्याद लावा. मावशीने लावली. दरम्यान तिने मिरची गल्लीतल्या व्यापाऱ्याकडून उधारीवर मिरच्या उचलल्या आणि एकेका घराची मिरची परत केली, जशी होती तशी, ब्याडगीला ब्याडगी. आईच्या वाट्याचीही घेऊन आली. आई म्हणाली, "मावशे, मला लाजवू नकोस." मिरची परत गेली. त्या साली आमच्या घरात मसाला नव्हता.

मिरची हातात पडल्यावर चाळीची भूक भागली. कोर्टात साक्षीला चला म्हटलं तर प्रत्येकीच्या नवऱ्याने सांगितलं, चाळीतलं चाळीत राहू दे. रोज एकाच नळावर पाणी भरायचंय. इंदूवहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी आले असते गो, पण हे ऐकत नाहीत." मी तेव्हा कोपऱ्यात बसून दात आवळत होते. माझ्या तोंडून शब्द निघत नाही म्हणून मी गप्प. यांच्या तोंडून दिवसभर शब्द निघतात, आणि कामाच्या वेळी सगळ्या गप्प.

बाबांच्या वकिलाने डोकं चालवलं. पोरगी मावशीकडेच कामाला, तिथेच बसलेली, तिलाच आपल्या बाजूने उभी करायची. मला त्याच्यासमोर नेलं. मी मान खाली घालून उभी. वकील बाबांना म्हणाला, "चांगली आहे. जास्त बोलत नाही. शिकवलेलं तेवढंच बोलेल." मला शिकवलं ते असं: सरूमावशी चूल पेटवत होती, रॉकेल तिच्याच हातून सांडलं, आणि जागा बळकावायची म्हणून ती बाबांचं नाव घेते. घरी काका रोज घोकून घ्यायचा. "काय सांगायचं?" मी सांगायची. "शाबास." आई स्टोव्हपाशी पाठ करून बसलेली असायची. तिने मला खरं बोल म्हणून सांगितलं नाही आणि खोटं बोल म्हणूनही नाही. फक्त कोर्टाच्या दिवशी माझी वेणी घालताना तिने एवढी घट्ट ओढली की कपाळ ताणलं गेलं, आणि म्हणाली, "मान वर ठेव. एवढंच कर."

मी मान वर ठेवली. मॅजिस्ट्रेट म्हातारे होते, नाकावर चष्मा. त्यांनी विचारलं, खरं आणि खोटं यातला फरक कळतो का. मी मान हलवली. मग वकील गोड आवाजात, "सांग बाळ, रॉकेल कोणाच्या हातून सांडलं?" घोकलेलं सगळं तोंडात होतं. समोर मावशी बाकावर बसली होती, हातात रिकामी पिशवी, माझ्याकडे बघतही नव्हती. तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. एका शब्दानेही नाही. मला बाकी कशाचा नाही, त्या "चांगली आहे, जास्त बोलत नाही"चा राग आला. वकील पुन्हा म्हणाला, "घाबरू नकोस. कोणाच्या हातून?"

मी म्हणाले, "सांडलं नाही. ओतलं."

"कोणी ओतलं?" हे मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"बाबांनी. डबा आमचा होता. त्या दिवशी घरी स्टोव्ह पेटला नाही."

एवढंच मी बोलले. माझ्या आयुष्यात लोकांसमोर मी एवढं पुन्हा कधी बोललेली नाही. वकिलाने फाइल मिटली. बाबा उभे राहून ओरडले, "साहेब, पण जागा माझी आहे! पावती आहे!" मॅजिस्ट्रेट म्हणाले, "जागेचं मला विचारू नका. त्याला दुसरं कोर्ट आहे. ती जागा उद्या तुमची ठरली तरी मिरच्या तुमच्या ठरत नाहीत. या बाई तुमच्या जागेत चुकून बसल्या असतील तर त्यांना उठवायला कायदा आहे. रॉकेल नाही." कायद्यात त्या गुन्ह्याला आगळीक म्हणतात, असं नंतर कळलं. पोराने कोणाची खोडी काढावी तसा शब्द आहे. चूल फोडली, उखळ फोडलं, चाळीचं वर्षाचं तिखट नासवलं, आणि नाव काय तर आगळीक.

बाबांना आणि काकाला कोर्ट उठेपर्यंत कैद झाली आणि दंड झाला, दंडातून मावशीला भरपाई. पण भरपाई झाली ती जेवढं सिद्ध झालं तेवढ्याची, म्हणजे उखळ, चूल आणि तिच्या स्वतःच्या मिरच्या. बाकीच्या लुगड्यांवरच्या मिरच्या कोणाच्या, हे सांगायला एकही बाई आली नव्हती. व्यापाऱ्याची उधारी तशीच राहिली. कोर्टाच्या पायरीवर काका माझ्याकडे बघून थुंकला. "साप पाळलास दादा घरात." बाबांनी हात उगारला. आई मध्ये आली. "हात खाली. तिला तुम्हीच बोलवलंत बोलायला."

घरी येऊन बाबा म्हणाले, "दंड भरला. शिक्षा भोगली. माझा आता संबंध संपला." आईने वाद घातला नाही. पगाराच्या दिवशी तिने मला बरोबर घेतलं आणि गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहिली. पगाराच्या दिवशी गेटवर सावकारांची माणसं उभी असायची, व्याज वसूल करायला. काठ्या घेऊन. त्यांच्या रांगेत आई उभी राहिली, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन. एक सावकाराचा माणूस म्हणाला, "क्या बाई, तेरा भी किसी पे निकलता है?" आई म्हणाली, "हां. मेरे आदमी पे." ती माणसं हसली नाहीत. सरकून त्यांनी जागा दिली. बाबा बाहेर आले, बरोबर खात्यातले चार जण, आणि समोर आम्ही. आईने हात पुढे केला. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी पाकिटातून नोटा काढल्या आणि तिच्या तळहातावर टाकल्या. आम्ही तिथून घरी न जाता मावशीच्या दारात गेलो, आणि मावशी तशीच मिरची गल्लीत.

असं पुढच्या पगाराला, त्याच्या पुढच्याही. घरात त्या काळात बाबा आईशी बोलत नव्हते. डाळ पातळ झाली, माझ्या परकराला खालून पट्टी जोडली गेली. मला याचाही राग आहे, अजून आहे. पैसे बाबांच्या पाकिटातून गेले हे खरं, पण भूक आम्हीच वाटून घेतली. रॉकेल ओतणारे दोन हात आणि पोट आवळणारी आम्ही सगळी. दत्ताकाकाने एक दमडी दिली नाही. जागेचा निकाल पुढे कधीतरी लागला, पट्टी ना आमची ठरली ना मावशीची, मालकाची ठरली. आज तिथे मोठ्या इमारतीचा गाड्या चढवायचा उतार आहे.

शेवटच्या पगाराला आईला ताप होता. म्हणाली, "शकू, तू जा." मी एकटी त्या काठीवाल्यांच्या रांगेत उभी राहिले. बाबा बाहेर आले, आई दिसत नाही म्हणून झपझप पुढे गेले. मला वाटलं, हाक नाही मारली तर गेले ते. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, मावशीचे पैसे." गेटवरचे सगळे वळले. बाबा परत आले. मोजून हातात दिले. "आता संपलं ना?" मी मान हलवली.

मावशी मला घेऊन मिरची गल्लीत गेली. दुकानात गोण्यांचा ठसका, व्यापाऱ्याच्या नाकातोंडावर मोठा रुमाल. त्याने नोटा दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि हात जोडले. "सगळे आले, बाई. फिटलं तुमचं."

मावशी म्हणाली, "माझं नव्हतंच. पण फिटलं."